गल्ल्यात २४५ रुपये जास्त: देवस्थानची पावती आणि सी भाषेतली अक्षरजोडणी

माघातल्या जत्रेच्या आदल्या संध्याकाळी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानच्या खजिनदारकाकांचा फोन आला. आवाज शांत होता, पण नेहमीसारखा नव्हता. "गल्ल्यात २४५ रुपये जास्त आहेत. तीनदा मोजले. कमी पडले असते तर माझ्या खिशातले घालून मी वही मिटवली असती. हे जास्तीचे कुणाच्या नावावर लिहू, सांग."

पावतीचं यंत्र आमचं होतं. फोंड्यात आमचं दोन खोल्यांचं कार्यालय आहे. दुकानं आणि देवस्थानं यांच्यासाठी आम्ही छोटी बिलिंग यंत्रं बनवतो. आत लिनक्स चालवणारा ३२ बिटांचा एक छोटा बोर्ड, ८० मिलिमीटरच्या कागदाचं छपाई यंत्र, आणि या दोघांमध्ये सी भाषेत लिहिलेला आमचा प्रोग्रॅम. या प्रकरणात जी ओळ चुकली ती मी स्वतः काही वर्षांपूर्वी लिहिली होती. म्हणूनच काय झालं ते कुठे काही न झाकता लिहितो आहे. सी शिकवताना अक्षरमालिका जोडण्याचा धडा बहुधा एका तासात उरकला जातो. मी वर्षानुवर्षं हेच काम करूनही तो मला पूर्ण कळला तो या जत्रेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. या देवस्थानच्या वह्या, फलक, आमंत्रणं सगळं पिढ्यान्‌पिढ्या मराठीत. फक्त यंत्राची पावती तेवढी रोमन लिपीत निघायची, कारण जुन्या छपाई यंत्राला देवनागरी येत नव्हती. गेल्या वर्षी नवं यंत्र घेतलं. ते अक्षरं चित्र म्हणून छापतं, त्यामुळे कुठलीही लिपी चालते. महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, सभेत ठरलं की या जत्रेपासून पावती मराठीत द्यायची. कुळाव्याच्या (या देवाला कुलदैवत मानणाऱ्या भक्ताच्या) हातात देवाची पावती त्याच्या भाषेत जावी, यात दुमत असण्याचं कारणच नव्हतं. आम्ही नावांची आणि सेवांची यादी देवनागरीत करून घेतली, छपाईचा भाग नवा लिहिला आणि बाकीचं तसंच ठेवलं. जे तसंच ठेवलं त्यातच पावतीची ओळ जोडणारं फंक्शन होतं.

त्या संध्याकाळी फक्त चाचणी म्हणून थोड्या पावत्या मराठीत फाडल्या होत्या. काकांनी त्यांच्या स्थळप्रती एकेक करून तपासल्या आणि रात्री नऊच्या सुमारास पुन्हा फोन केला. सावईवेरेंच्या एका कुळाव्याने अभिषेकाचे ५०१ रुपये दिले होते. पावतीवर छापलं होतं, २५६.

आकडा ऐकला आणि माझं लक्ष पैशांवरून उडालं. माणसाच्या हातून चुकलं तर ५०१ चे ५१० होतात, ५०१ चे ५० होतात. ५०१ चे २५६ माणूस करत नाही. २५६ हा आकडा बाइटच्या जगातला. बाइट म्हणजे मेमरीचं एक घर, त्यात ० ते २५५ असे २५६ आकडे मावतात.

५०१ म्हणजे एकदा २५६ आणि वर २४५. संगणक तो पूर्णांक चार बाइटांत ठेवतो आणि आमच्या बोर्डावर लहान वजनाचा बाइट आधी येतो: २४५, १, ०, ०. यातल्या पहिल्या बाइटचं शून्य झालं तर राहतात ०, १, ०, ०, म्हणजे बरोबर २५६. गल्ल्यातले जास्तीचे २४५ रुपये हा तो पुसला गेलेला बाइटच होता. आता प्रश्न एवढाच की रकमेच्या पहिल्या बाइटवर शून्य कोण लिहून गेलं.

सी भाषा जाणणाऱ्याला याचं उत्तर जवळजवळ आपोआप सुचतं. या भाषेत बिनबोलावता शून्य लिहिणारा एकच नेहमीचा पाहुणा आहे, तो म्हणजे अक्षरमालिकेच्या शेवटी येणारा शून्य बाइट.

सी मध्ये अक्षरमालिका असा स्वतंत्र प्रकार नाही. ओळीने ठेवलेले बाइट आणि ते संपल्याची खूण म्हणून एक शून्य, एवढीच तिची व्याख्या. आपण किती लांब आहोत ते तिला ठाऊक नसतं, आणि आपल्याला किती जागा दिली आहे तेही तिच्यात कुठे लिहिलेलं नसतं. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल प्रयोगशाळेत ही भाषा घडवली, तेव्हा खुणेची ही रीत त्यांनी आधीच्या बी भाषेतून घेतली. त्याही आधीच्या बीसीपीएल मध्ये लांबीचा आकडा मालिकेच्या सुरुवातीला ठेवत. तो आकडा एका बाइटएवढ्या जागेत बसवायचा तर लांबीला मर्यादा पडते, आणि आकडा सांभाळण्यापेक्षा शेवटची खूण सोयीची वाटली, असं कारण रिचींनी पुढे लिहून ठेवलं आहे. त्या काळातल्या यंत्रांची मेमरी पाहता तो निर्णय मला आजही समजण्यासारखा वाटतो. फक्त त्याची किंमत जोडणी करणाऱ्याने मोजायची असते.

दोन मालिका जोडायच्या तर सी देते स्ट्रकॅट. तिला पहिली मालिका जिथे आहे तो पत्ता द्यायचा आणि दुसरीचा पत्ता द्यायचा. ती पहिलीच्या सुरुवातीपासून चालत चालत शून्य शोधते, तिथून पुढे दुसरीचे बाइट उतरवते आणि शेवटी नवं शून्य ठेवते. पहिलीसाठी एकूण जागा किती होती हे तिला आपण सांगत नाही, ती विचारत नाही, आणि विचारायचं म्हटलं तरी विचारायला जागा नाही, कारण फंक्शनला तेवढेच दोन धागे (बोलावताना द्यायच्या गोष्टी) दिलेले आहेत.

आमच्या प्रोग्रॅममध्ये पावतीचं एक स्ट्रक्ट, म्हणजे मेमरीत एकत्र ठेवलेल्या माहितीचा गट, होता. त्यात आधी ९६ बाइटांची ओळ, लगेच मागे चार बाइटांची रक्कम, मग तारीख वगैरे. रक्कम आधी भरली जायची आणि नंतर ओळ जोडली जायची. ओळीचे सहा तुकडे होते: "श्री" आणि मोकळी जागा, नाव, स्वल्पविराम, गाव, पुन्हा स्वल्पविराम, सेवा. सहा तुकडे, सहा वेळा स्ट्रकॅट. रोमन लिपीत ९६ ही ऐसपैस जागा होती. सावई-वेरें हे गाव मधली आडवी रेघ धरून ११ अक्षरांत बसायचं आणि एक अक्षर म्हणजे एक बाइट.

देवनागरीत तसं नाही. यूटीएफ-८ या पद्धतीत (केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ साली आखली) देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात. घटक म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. "श्री" हे आपल्या दृष्टीने एक अक्षर, पण आत श, हलन्ताची खूण, र आणि दीर्घ ईकार असे चार घटक आहेत. म्हणजे १२ बाइट. "अभिषेक" मध्ये सहा घटक, १८ बाइट. "सावईवेरें" मध्ये नऊ घटक, २७ बाइट. आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. "दुसर्‍या" मधला अर्धा र काढण्यासाठी कधी कधी मध्ये एक अदृश्य जोडखूण घातलेली असते, तिचेही तीन बाइट. छापून आलेली ओळ बोटाने मोजून जागेचा अंदाज करणाऱ्याला हे तीन कधीच सापडणार नाहीत.

मी कागद घेऊन त्या कुळाव्याची ओळ मोजली. "श्री" आणि जागा १३. नाव-आडनावाचे अकरा घटक आणि मधली मोकळी जागा मिळून ३४. स्वल्पविराम आणि जागा २. गाव २७. पुन्हा २. सेवा १८. बेरीज बरोबर ९६.

९६ बाइटांच्या जागेत ९६ बाइटांचा मजकूर काठोकाठ बसला. पण मालिका तिथे संपत नाही, तिला शेवटचं शून्य ठेवायला सत्त्याण्णवावा बाइट लागतो. आणि सत्त्याण्णवावा बाइट म्हणजे रकमेचा पहिला बाइट होता.

पहाटेचं एक कोटी

मला कारण कळलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी काकांना सांगितलं की सकाळी आठपर्यंत यंत्र वापरू नका, मी दुरुस्ती घेऊन येतो. पण जत्रेच्या दिवशी देवळात पहाटे पाचपासून रांग असते. काउंटरवरच्या मुलाला निरोप पोचला नाही. सहा वाजता मुळगांवच्या एका कुटुंबाने लघुरुद्रासाठी २,५०१ रुपये दिले आणि पावतीवर रक्कम छापून आली, १,१५,७६,५४४ रुपये.

काउंटरवर क्षणभर कुणी काही बोललं नाही, असं मला मागाहून कळलं. त्या कुटुंबातल्या आजोबांनी पावती परत दिली आणि म्हणाले, "देवाच्या नावावर खोटं नको रे." मुलाने यंत्र बंद केलं आणि जुनं छापील पावतीपुस्तक काढलं. त्याने योग्य तेच केलं.

हा आकडाही तपासून पाहण्यासारखा आहे, कारण तो कुठून आला हे शेवटच्या रुपयापर्यंत सांगता येतं. "श्री" आणि जागा १३, नाव ३७, स्वल्पविराम आणि जागा २, मुळगांव २१, पुन्हा २, लघुरुद्र २४. एकूण ९९. म्हणजे ९६ च्या पलीकडे बरोबर तीन बाइट सांडले, आणि ते तीन बाइट म्हणजे "लघुरुद्र" मधला शेवटचा र. यूटीएफ-८ मध्ये र म्हणजे २२४, १६४, १७६. हे तिन्ही रकमेच्या पहिल्या तीन घरांत जाऊन बसले आणि शेवटचं शून्य चौथ्या घरात. आता रक्कम वाचा: २२४, अधिक १६४ गुणिले २५६, अधिक १७६ गुणिले ६५,५३६. उत्तर १,१५,७६,५४४. छपाई यंत्राने एका अक्षराचं रुपयांत रूपांतर करून छापलं होतं.

प्रमाण सी च्या भाषेत सांगायचं तर दिलेल्या जागेबाहेर लिहिणं हे अनिश्चित वर्तन आहे. कंपायलर (लिहिलेल्या प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा) काहीही करायला मोकळा असतो, प्रोग्रॅम तिथेच कोसळू शकतो किंवा वर्षभर निमूटपणे चालू शकतो. आमच्याकडे रक्कम नेमकी शेजारी होती म्हणून चूक आकड्यात दिसली. शेजारी तारीख असती तर कदाचित कुणाच्या ध्यानातही आली नसती. मी याला नशीब म्हणेन, कारण देवस्थानचा हिशेब पुढे मामलेदारांपर्यंत जातो. १९३३ सालच्या देवस्थान नियमावलीखाली तेच देवस्थानांचे प्रशासक असतात आणि तिथे वही व रोकड जुळावी लागते.

तपास

सकाळी सात वाजता कार्यालयात मी आणि आमच्याकडे शिकायला येणारी एक मुलगी असे दोघे होतो. ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिचं शिक्षण दुसऱ्या भाषेतून झालेलं. तिथे दोन मालिकांमध्ये अधिकचं चिन्ह घातलं की त्या जोडल्या जातात. तिने पहिल्यांदा सी मध्ये तसं लिहून पाहिलं होतं तेव्हा कंपायलरने नाकारलं, कारण इथे त्या चिन्हाचा अर्थ दोन पत्त्यांची बेरीज असा होतो. पत्त्यात आकडा मिळवता येतो, पण त्याने जोडणी होत नाही. "अभिषेक" अधिक ३ लिहिलं तर हातात येतो "भिषेक", कारण पत्ता एका अक्षराने पुढे सरकतो.

ती म्हणाली, "दादा, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून चालवूया, तो ओळ क्रमांकासकट पकडेल." मीही तसंच धरून चाललो होतो. लॅपटॉपवर तो लावला, सावईवेरेंची नोंद भरली आणि प्रोग्रॅम एक शब्द न बोलता २५६ छापून मोकळा झाला.

इथे मी थोडा वेळ थांबलो, आणि वाचणाऱ्यानेही थांबावं. हे साधन प्रत्येक वस्तूच्या भोवती एक निषिद्ध पट्टा आखतं आणि त्यावर कुणी पाय ठेवला की ओरडतं. पण आमची ओळ आणि रक्कम एकाच स्ट्रक्टच्या पोटात होती. त्याच्या दृष्टीने सगळं स्ट्रक्ट ही एकच वस्तू. एका खोलीतलं पाणी शेजारच्या खोलीत गेलं, घराबाहेर गेलंच नाही, मग कुंपणावरचा राखणदार काय बोलणार? साधन गप्प राहिलं म्हणजे चूक नाही, असा निष्कर्ष त्या सकाळी आम्ही काढला असता तर फार महागात पडलं असतं.

मग जीडीबी उघडला, म्हणजे चालत्या प्रोग्रॅमच्या आत पाहू देणारं साधन. रक्कम भरल्यावर तिच्यावर नजर ठेवायला सांगितलं: हा आकडा बदलला की थांब. प्रोग्रॅम पुढे सोडला. पहिला तुकडा, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. सहाव्याला थांबला. पडद्यावर दोन ओळी आल्या, जुनी किंमत ५०१, नवी किंमत २५६, आणि आपण स्ट्रकॅटच्या आत आहोत. मुलीने पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही ओळ रकमेला हात लावतच नाही हो." खरं होतं. त्या ओळीत रकमेचं नावसुद्धा नव्हतं.

दुरुस्तीचे तीन प्रयत्न

पहिला प्रयत्न तिने केला. स्ट्रकॅट काढून स्ट्रएनकॅट घातलं आणि तिसरा धागा दिला ९६. वाचताना वाटतं की आता ९६ च्या पुढे जाणार नाही. पण तो आकडा एकूण जागेचा नसतो, या खेपेला जास्तीत जास्त किती बाइट जोडायचे त्याचा असतो. आणि वर शेवटचं शून्य ते फंक्शन वेगळं ठेवतं. ओळीत आधीच ७८ बाइट असतील तरी ते आणखी ९६ जोडायला तयार. १८ बाइटांची सेवा त्याने आनंदाने उतरवली आणि २५६ पुन्हा छापून आलं. नाव एवढं सुरक्षित वाटणारं आणि वागणं असं, म्हणून मी हे फंक्शन शिकाऊ माणसाच्या हाती देत नाही. बरोबर वापरायचं तर एकूण जागेतून आत्ताची लांबी वजा करून, वर आणखी एक वजा करून तो आकडा दर खेपेला द्यावा लागतो. सहा तुकड्यांना सहा वजाबाक्या, त्यातली एक चुकली की परत तेच.

दुसरा प्रयत्न माझा. सहा जोडण्या टाकून सगळे तुकडे एकदम लिहिणारं एकच एसएनप्रिंटएफ लिहिलं. १९९९ च्या प्रमाणात ते सी मध्ये आलं आणि त्याला एकूण जागा सांगता येते. शून्याची जागा ते स्वतः धरून चालतं. जागा म्हणून मी ओळीचं साइझऑफ (वस्तू किती बाइटांची ते सांगणारं माप) दिलं. बोर्डावर चालवलं तर पावतीवर फक्त एक अक्षर आलं: "श". लॅपटॉपवर "श्" आणि पुढे एक चौकोन.

कारण मला कळलं तेव्हा मुलीला ते फळ्यावर काढून दाखवलं, कारण हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की माणूस विसरत नाही. स्ट्रक्टच्या आत ओळ ही ९६ बाइटांची असते आणि तिथे साइझऑफ ९६ सांगतं. पण आम्ही ओळ जोडण्याचं काम वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवलं होतं आणि त्याला ओळ पाठवली की पोचतो फक्त तिचा पत्ता. तिथे साइझऑफ पत्त्याचं माप सांगतं: ३२ बिटांच्या बोर्डावर ४, ६४ बिटांच्या लॅपटॉपवर ८. चारातला एक शून्याला गेला, उरले तीन, म्हणजे देवनागरीचा नेमका एक घटक. आठातले सात म्हणजे श, हलन्त आणि र चा तुटका पहिला बाइट. रोमन लिपीत याच चुकीने तीन अक्षरं छापली असती आणि शोधायला आणखी वेळ गेला असता.

तिसऱ्या प्रयत्नात खरं माप वेगळा धागा म्हणून फंक्शनला पाठवलं. आता रक्कम सुरक्षित राहिली. ५०१ चे ५०१, २,५०१ चे २,५०१. पण लघुरुद्राच्या ओळीचे ९९ पैकी ९५ बाइटच बसले, आणि ९५ वा बाइट पडला हलन्ताच्या खुणेच्या मधोमध. तिचे तीनातले दोन बाइट आत, तिसरा बाहेर. पावतीवर आलं "लघुरुद" आणि चौकोन. मी ती पावती काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. त्यांचं उत्तर दोन शब्दांचं होतं: "चालणार नाही."

आणि ते बरोबर होतं. तुटलेला घटक टाळण्याची युक्ती आहे, आणि सोपी आहे. यूटीएफ-८ मध्ये घटकाचे पुढचे बाइट नेहमी १२८ ते १९१ या पट्ट्यात असतात. कापायच्या जागी असा बाइट दिसला तर तो नसलेल्या जागेपर्यंत मागे यायचं आणि तिथे कापायचं. चौकोन गेला असता. पण मग "लघुरुद" छापलं गेलं असतं, आणि ते चौकोनापेक्षा वाईट, कारण ते बरोबर असल्यासारखं दिसतं. बातमीचा मथळा कापला तर चालतो. देवाची पावती कापून चालत नाही, माणसाचं नाव तर नाहीच. मजकूर बसला नाही तर काय करायचं हे सी ठरवू शकत नाही, एसएनप्रिंटएफ ठरवू शकत नाही, मीही एकट्याने ठरवायचं नव्हतं. ते खजिनदारांनी ठरवायचं होतं आणि त्यांनी ठरवलं: बसत नसेल तर पावती फाडूच नका, आधी सांगा.

एसएनप्रिंटएफ ती बातमी देतं, फक्त ऐकावी लागते. सगळा मजकूर लिहायला जागा असती तर किती बाइट झाले असते तो आकडा ते परत करतं, शून्य न मोजता. तो आकडा दिलेल्या जागेएवढा किंवा तिच्याहून मोठा असेल तर ओळ कापली गेली. ऋण असेल तर दुसरंच काही बिघडलं. मी तिसऱ्या प्रयत्नापर्यंत तो आकडा घेतलाच नव्हता.

शेवटी काय ठेवलं

दहा वाजता देवळात पोचलो तेव्हा पालखीची तयारी चालली होती आणि देवस्थान समितीचे मुखत्यार काउंटरपाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "९६ चे ५०० केले असते तर भागलं नसतं?" प्रश्न सरळ होता आणि त्याला सरळ उत्तर देणं भाग होतं. जत्रेपुरतं भागलं असतं. मग पुढच्या पाडव्याला कुणी चार भावांची नावं आणि "सहकुटुंब सहपरिवार" असं लिहून घेतलं असतं, की पुन्हा गल्ला आणि वही जुळली नसती, आणि तोवर आजची गोष्ट कुणाला आठवली नसती. आमच्याच एका सहकाऱ्याने सुचवलं होतं की स्ट्रक्टमध्ये रक्कम ओळीच्या आधी नेऊन ठेवावी, म्हणजे ओळ सांडली तरी रकमेवर सांडणार नाही. तेही मी नाकारलं. त्याने चूक तारखेवर गेली असती आणि दिसेनाशी झाली असती.

आम्ही जोडणीसाठी एक छोटं स्ट्रक्ट केलं. त्यात चार गोष्टी: ओळीचा पत्ता, एकूण जागा, आत्तापर्यंत वापरलेली जागा, आणि सगळं नीट चाललंय की नाही याची एक खूण. जोडायचं काम एकाच फंक्शनने करायचं. ते नव्या तुकड्याची लांबी मोजतं, एकूण जागेतून वापरलेली वजा करतं, आणि उरलेली जागा लांबीपेक्षा मोठी नसेल तर काहीही न लिहिता खूण पाडून परत येतं. मोठीच हवी, सारखी चालत नाही, कारण शून्याचा एक बाइट लागतो. सावईवेरेंची ओळ त्याच एका बाइटला अडखळली होती. जागा असेल तर मेमकॉपीने (बाइट जसेच्या तसे उतरवणाऱ्या फंक्शनने) तुकडा शून्यासकट उतरवायचा आणि वापरलेली जागा पुढे न्यायची. इथे बेरीज न करता वजाबाकी मुद्दाम केली आहे, कारण बिनचिन्हाच्या पूर्णांकात मोठी बेरीज गुंडाळून लहान होऊ शकते. एकदा खूण पडली की पुढचे तुकडे जोडले जात नाहीत, त्यामुळे प्रत्येक जोडणीनंतर तपासणी लिहावी लागत नाही. शेवटी एकदाच पाहायचं.

शेवट कुठे आहे हे आता आपणच जपतो, म्हणून दर खेपेला सुरुवातीपासून शून्य शोधत चालत यावं लागत नाही. सहा तुकड्यांना त्याचा काही फरक पडत नाही. दिवसअखेरीच्या अहवालात मात्र शेकडो ओळी एकमेकींना जोडल्या जातात, आणि तिथे तो जाणवला.

ओपनबीएसडी या संगणकप्रणालीवाल्यांनी १९९८ सालीच स्ट्रएलकॅट नावाचं फंक्शन दिलं होतं. ते एकूण जागा घेतं आणि किती लागली असती ते परत सांगतं. लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी च्या फंक्शनसंचात ते यायला २०२३ उजाडलं. आमच्या बोर्डावरची ग्लिबसी त्याआधीची. असतं तर मी तेच वापरलं असतं आणि वर खूण तेवढी ठेवली असती. मजकुराला मर्यादाच नको असेल तर आणखी एक वाट आहे. एसएनप्रिंटएफला जागा शून्य सांगून आधी फक्त लांबी विचारायची, तेवढी आणि आणखी एक अशी जागा मॅलॉककडून (मेमरी मिळवून देणाऱ्या फंक्शनकडून) मागायची, मिळाली का ते पाहायचं, मग खरं लिहायचं आणि काम झालं की जागा परत करायची. मी ती वाट घेतली नाही, कारण कागदाला मर्यादा आहेच. ओळीला ५१२ बाइट दिले, म्हणजे देवनागरीचे साधारण १७० घटक.

सगळ्यात मोठा बदल प्रोग्रॅमच्या क्रमात केला. आधी रक्कम घेतली जायची आणि मग ओळ बनायची. आता ओळ आधी बनते, खूण पाहिली जाते, आणि सगळं ठीक असेल तरच पडद्यावर रकमेचं घर उघडतं. ओळ बसली नाही तर काउंटरवरचा मुलगा पैसे हातात घेण्याआधी कुळाव्याला सांगू शकतो की दोन पावत्या करूया.

राहिल्या होत्या आधीच्या चुकलेल्या नोंदी. त्या शोधणं सोपं होतं: ज्या रकमेला २५६ ने नेमका भाग जातो ती संशयित, आणि जी सेवेच्या दरात बसतच नाही तीही. शून्य छापलेली एकही पावती नव्हती, पण १०१ रुपयांच्या सेवेची ओळ काठोकाठ भरली असती तर तिथे शून्यच आलं असतं, म्हणून तेही शोधलं. हरवलेला बाइट मेमरीतून परत मिळत नाही. पण सेवेचं नाव ओळीत शाबूत होतं आणि सेवांचे दर काउंटरमागच्या फलकावर रंगवलेले होते. अभिषेक ५०१, लघुरुद्र २,५०१. फलकाने दोन्ही रकमा परत दिल्या.

मुळगांवच्या आजोबांना दुपारी प्रसादाच्या वेळी नवी पावती दिली. त्यांनी चष्मा लावून ओळ शेवटपर्यंत वाचली, लघुरुद्र वर बोट ठेवलं आणि पावती घडी करून खिशात ठेवली. सावईवेरेंचे कुळावी आदल्या दिवशीच परतले होते. त्यांची पावती नारळ-प्रसादाबरोबर पाठवली. संध्याकाळी काकांनी वही उघडली आणि लाल शाईने आदल्या दिवसाच्या पानावर लिहिलं: सावईवेरें, अभिषेक, पावती दुरुस्त, फरक जमा २४५.